जुन्या पिकअपमधील वायरलेस चार्जर बदलण्यापूर्वी

कारखान्यातूनच वायरलेस चार्जर बसवून आलेल्या पिकअप आणि मोठ्या गाड्यांची पहिली पिढी आता जुनी झाली आहे, आणि त्यांच्या मालकांची तक्रार बहुधा एकसारखीच असते. पॅडवरचा, म्हणजे फोन ठेवण्याच्या चार्जिंगच्या पृष्ठभागावरचा, दिवा लागतो, फोनवर चार्जिंगची खूणही दिसते, परंतु पणजीहून निघून काणकोणला पोहोचेपर्यंत बॅटरीचा आकडा जिथल्या तिथेच राहतो, आणि नकाशा सुरू असेल तर कधी कधी तो खालीही उतरलेला असतो. अशा वेळी म्हापशाच्या किंवा मडगावच्या अॅक्सेसरीच्या दुकानात गेल्यास बहुतेक ठिकाणी खोक्यावर मोठ्या अक्षरांत वॅटचा आकडा छापलेला नवा चार्जर पुढे केला जातो. माझ्या मते या साऱ्या व्यवहारात तो आकडा सर्वांत कमी कामाचा आहे. फोन पॅडवर नेमका कुठे टेकतो, तो किती तापतो आणि पॅडला गाडीकडून वीज कशी मिळते, या गोष्टींवर चार्जिंगचा वेग ठरतो, आणि जुन्या गाडीत नेमक्या याच गोष्टी बिघडलेल्या असतात.

यामागचे तत्त्व फॅरेडेने १८३१ साली दाखवून दिले होते. तारेच्या वेटोळ्यातून, म्हणजे कॉइलमधून, सतत दिशा बदलणारा विद्युतप्रवाह सोडला की तिच्याभोवती बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते, आणि त्या क्षेत्रात दुसरी कॉइल आणली की तिच्यात वीज निर्माण होते. पहिली कॉइल गाडीच्या पॅडखाली असते आणि दुसरी फोनच्या पाठीमागच्या काचेखाली. पॅडमधील सर्किट गाडीच्या बॅटरीचा एकदिश प्रवाह सेकंदाला लाखाहून अधिक वेळा उलटसुलट करते आणि फोनमधील सर्किट आलेली वीज पुन्हा एकदिश करून बॅटरीकडे पाठवते. या दोन्ही रूपांतरांत आणि मधल्या अंतरात काही ऊर्जा वाया जाते. सर्व काही नीट जुळले तरीही गाडीतून घेतलेल्या विजेपैकी साधारण ७० ते ७५ टक्केच फोनपर्यंत पोहोचते. उरलेली उष्णतेच्या रूपाने पॅडमध्ये आणि फोनच्या पाठीत राहते.

या देवाणघेवाणीत किती वीज द्यायची, हे पॅड ठरवत नाही. चार्जिंग चालू असताना फोन आपल्या कॉइलवरील भार किंचित कमीजास्त करून त्याच चुंबकीय क्षेत्रातून पॅडला लहान लहान संदेश पाठवत राहतो: थोडे वाढव, थोडे कमी कर, आता थांब. पंगतीतला चांगला वाढपी जसा जेवणाऱ्याचा हात पाहून वाढतो, तसे पॅडचे वागणे असते. त्यामुळे खोक्यावर छापलेला आकडा ही केवळ वरची मर्यादा असते. फोनने पाचच वॅट मागितले, तर पन्नास वॅटचा पॅडही पाचच देईल.

मागण्याची ही भाषा सर्वांना समान असावी म्हणून वायरलेस पॉवर कन्सोर्शियम ही संस्था २००८ साली स्थापन झाली आणि २०१० साली तिने क्यूआय या नावाने पहिले मानक प्रसिद्ध केले. त्याची मर्यादा ५ वॅटची होती. गाड्यांमध्ये हे मानक टोयोटाच्या २०१३ च्या अॅव्हलॉनपासून आले, आणि त्यानंतरच्या काही वर्षांत अमेरिकेतील मोठ्या पिकअपच्या कन्सोलमध्येही, म्हणजे पुढच्या दोन सीटांमधल्या भागात, ही सोय दिसू लागली. २०१५ साली मानकाची मर्यादा १५ वॅटपर्यंत वाढली, परंतु गाडीचे भाग विक्रीच्या कित्येक वर्षे आधी ठरत असल्यामुळे त्यानंतर विकल्या गेलेल्या अनेक गाड्यांतही ५ वॅटचाच पॅड राहिला. दरम्यान आयफोन साध्या क्यूआय पॅडकडून जास्तीत जास्त ७.५ वॅट घेत होता. २०२० साली आयफोन १२ बरोबर फोनच्या पाठीत चुंबकांचे कडे आले, तीच कल्पना २०२३ साली जाहीर झालेल्या क्यूआय-२ मानकाचा पाया ठरली, आणि २०२५ साली त्याची मर्यादा २५ वॅटपर्यंत गेली. जुन्या गाडीत आज करावयाचा बदल म्हणजे बहुतांशी या चुंबकी पद्धतीकडे जाणे होय.

आता थोडा हिशेब करू. पाच हजार मिलीअँपिअर-तासांच्या बॅटरीत सुमारे १९ वॅट-तास ऊर्जा मावते. पणजी ते काणकोण हे अंतर साधारण ७० किलोमीटरचे, म्हणजे वाहतूक पाहता दीड-दोन तासांचे. या काळात पडदा पूर्ण उजेडावर, नकाशा चालू, गाडीच्या स्क्रीनशी वायरलेस जोडणी आणि मधूनमधून फोन कॉल, असा एकंदर खर्च तीन-चार वॅट धरला, तर ५ वॅटच्या पॅडवर बॅटरीच्या वाट्याला वॅट-दीड वॅटच उरतो. दोन तासांत दोन-तीन वॅट-तास, म्हणजे फार तर पंधरा टक्के. त्यातही फोन थोडा सरकला किंवा तापला आणि मिळणारी वीज तीन वॅटवर आली, तर हाती शून्य. मालकाला वाटते पॅड बिघडला. पॅड बिचारा आपल्या वकुबानुसार काम करतच असतो.

फोन सरकणे ही बाब वाटते त्यापेक्षा महत्त्वाची आहे. दोन्ही कॉइलचे मध्यबिंदू काही मिलिमीटरने जरी हलले, तरी कार्यक्षमता घसरते आणि वाया जाणारा हिस्सा उष्णता होऊन बसतो. दहा वर्षांपूर्वीचा कन्सोलमधील खळगा त्या काळच्या फोनच्या मापाने घडवलेला असतो. आजचा फोन त्याहून लांब आणि जड असतो, आणि त्याच्या पाठीवर कॅमेऱ्याचा उंचवटा असतो. हा उंचवटा खळग्याच्या कडेवर टेकला की फोन तिरका राहतो, त्याची कॉइल पॅडच्या कॉइलपासून वर उचलली जाते आणि बाजूलाही जाते. पावसाळ्यानंतरच्या खड्ड्यांतून गाडी गेली की फोन हलतो, चार्जिंग तुटते, पुन्हा सुरू होते आणि पुन्हा तुटते. काही पॅडमध्ये यावर उपाय म्हणून एकाऐवजी तीन कॉइल बसवलेल्या असतात आणि जी फोनच्या सर्वांत जवळ असेल तीच चालू होते. पण तिरक्या फोनला त्याचाही फारसा उपयोग होत नाही. चुंबकाचे कडे ही अडचण मुळातूनच सोडवते, कारण फोन दरवेळी त्याच जागी बसतो आणि हिसक्यानेही सहसा सुटत नाही. क्यूआय-२ चा खरा लाभ हाच आहे. वाढलेले वॅट हा त्याचा परिणाम.

जुनी वस्तू काढण्याआधी काही क्षुल्लक कारणे तपासावीत, कारण बऱ्याच वेळा दोष तिथेच सापडतो. आपल्याकडे डॅशबोर्डवरच्या चुंबकी होल्डरसाठी फोनच्या पाठीवर किंवा कव्हरच्या आत लोखंडी पातळ पट्टी चिकटवण्याची पद्धत आहे. ही पट्टी असताना वायरलेस चार्जिंग होणार नाही, आणि झालेच तर पट्टी तापेल. बोटात अडकवण्याच्या कड्या, जाड चामड्याची कव्हरे, कव्हरात ठेवलेली कार्डे यांचेही तेच. पॅडच्या रबरी चटईखाली नाणे, केसाची पिन किंवा टाचणी गेली असेल, तर पॅडमधील सुरक्षा यंत्रणा अनोळखी धातू ओळखून वीज रोखते. आणि सर्वांत आधी एक गोष्ट पाहावी: फोनमध्ये वायरलेस चार्जिंगची सोय मुळात आहे काय? मध्यम किमतीच्या बहुतेक फोनमध्ये ती अजूनही नसते. अशा फोनसाठी पाठीवर चिकटवण्याच्या पट्ट्या बाजारात मिळतात, परंतु त्या संथ असतात आणि तापतात. त्यापेक्षा सरळ केबल वापरावी.

उष्णतेचा विचार गोव्यात तर जास्तच करावा लागतो. एप्रिल-मे महिन्यांत मिरामारला किंवा कोलव्याच्या किनाऱ्यावर उन्हात उभ्या केलेल्या गाडीत परतल्यावर कन्सोलचे प्लास्टिक हाताला चटका देते. लिथियम-आयन बॅटरीला तापलेल्या अवस्थेत वेगाने चार्ज केले तर तिचे आयुष्य घटते, म्हणून फोन स्वतःच मागणी कमी करतो. अॅपलने आपल्या फोनसाठी वापराचे बाह्य तापमान शून्य ते ३५ अंश सेल्सिअस सांगितले आहे, आणि फोन फार तापला तर तो ८० टक्क्यांच्या पुढे चार्ज होणे थांबवतो. म्हणजे तापलेल्या खळग्यात पंधरा वॅटचा पॅड बसवला तरी पहिल्या काही मिनिटांनंतर तो पाच-सात वॅटच देत असण्याची शक्यता मोठी. यावर पंखा असलेला पॅड हा एक उपाय आहे, मात्र त्याच्या खाली हवा यायला-जायला वाट हवी. बंद कन्सोलमध्ये पंखा तीच गरम हवा घुसळत राहतो. एसीच्या झरोक्याला लावण्याचा चुंबकी क्यूआय-२ होल्डर या बाबतीत खळग्यातील कोणत्याही पॅडपेक्षा सरस ठरतो, कारण थंड हवा थेट फोनच्या पाठीवर येते. कन्सोल उघडण्याची हौस नसेल तर मी हाच मार्ग सुचवीन. त्यात नकाशाही नजरेसमोर राहतो.

तरीही मूळ जागीच चार्जर हवा असेल, तर मार्ग दोन. पहिला, जुन्या पॅडच्या जागेवर क्यूआय-२ ची चपटी चकती बसवणे. पुष्कळजण ती जुन्या पॅडवर सरळ चिकटवतात आणि जुना पॅड चालूच ठेवतात. असे कधीही करू नये. खालची कॉइल मधूनमधून वर कोणी आले आहे काय याची चाचपणी करत राहते, वरच्या चकतीतील चुंबक व धातू तिला परका पदार्थ म्हणून दिसतात, आणि दोन्ही एकमेकांच्या कामात अडथळा आणतात. जुन्या मॉड्यूलचा, म्हणजे पॅडखालच्या कॉइल आणि सर्किटच्या संचाचा, कनेक्टर काढलाच पाहिजे. चकतीला वीज देणारा अॅडॉप्टरही पुरेसा हवा: १५ वॅटच्या चुंबकी चार्जिंगसाठी यूएसबी-सी पॉवर डिलिव्हरीचा (ठरलेल्या पद्धतीने ५ व्होल्टहून जास्त दाब देऊ शकणारा) किमान २० वॅटचा, ९ व्होल्ट देणारा अॅडॉप्टर लागतो. गाडीतील जुने यूएसबी पोर्ट ५ व्होल्टवर दोन-अडीच अँपिअरच देतात, आणि स्टिरिओला जोडलेला पोर्ट तर अनेकदा अर्धाच अँपिअर. नवी चकती त्या पोर्टला जोडून ती संथ आहे म्हणणे अन्यायाचे होईल.

दुसरा मार्ग म्हणजे पॅडखालचे संपूर्ण मॉड्यूल बदलणे. त्याच गाडीच्या नंतरच्या आवृत्तीतील मॉड्यूल मिळाले आणि कनेक्टर जुळला, तर काम देखणे होते. पण काही गाड्यांत हे मॉड्यूल गाडीच्या अंतर्गत डेटा तारेवरून मुख्य संगणकाशी बोलते, आणि तिथे त्याची ओळख पटली नाही तर ते गप्प बसते. अशा वेळी कनेक्टरमध्ये वीज असूनही चार्जिंग का होत नाही, हे शोधण्यात इलेक्ट्रिशियनचा दिवस जातो. म्हणून मॉड्यूल घेण्यापूर्वी दोन्हींच्या कनेक्टरमधील पिनांची मांडणी वर्कशॉप मॅन्युअलमधून पडताळून घ्यावी.

येथे बिनकिल्लीच्या, म्हणजे बटणाने सुरू होणाऱ्या गाड्यांबद्दल एक खास गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती दुकानात कोणी सांगत नाही. गाडी आपली चावी आत आहे की नाही हे शोधण्यासाठी साधारण १२५ किलोहर्ट्झवर संदेश सोडते, आणि पारंपरिक क्यूआय पॅड साधारण ११० ते २०५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात काम करतो. दोघांचा आवाज एकाच पट्टीतला झाल्याने पॅडच्या गोंगाटात चावीचे उत्तर हरवू शकते. म्हणूनच कारखान्याचे मॉड्यूल चावी शोधण्याच्या क्षणी चार्जिंग थांबवते. जुन्या पॅडवर चार्जिंग मध्येच क्षणभर तुटताना दिसते, त्याचे एक कारण हेही असते. बाजारातील मॉड्यूलला ही सूचना मिळत नाही. ते बसवल्यावर ‘चावी सापडत नाही’ असा इशारा येऊ लागला, तर दोष चावीच्या सेलचा नसून पॅडचा असू शकतो. क्यूआय-२ ची चुंबकी पद्धत मुख्य चार्जिंग ३६० किलोहर्ट्झवर करत असल्याने हा संघर्ष कमी होतो, मात्र सुरुवातीची चाचपणी आणि बिनचुंबकाचे फोन जुन्याच पट्ट्यावर राहतात. चावी आणि फोन एकाच खळग्यात ठेवण्याची सवय मात्र दोन्ही पद्धतींत वाईटच. मध्यम लहरींवर आकाशवाणी ऐकणाऱ्यांना नव्या चार्जरमुळे खरखर ऐकू येऊ शकते. स्वस्त अॅडॉप्टर हा त्यातला नेहमीचा संशयित.

वायरिंगचे काम अवघड नाही, पण ते निष्काळजीपणे केले तर गाडी पेटण्यापर्यंत मजल जाते, म्हणून त्याचे तपशील सावकाश पाहू. १५ वॅट फोनला द्यायचे तर ७० टक्के कार्यक्षमतेने गाडीकडून सुमारे २१ वॅट घ्यावे लागतात, म्हणजे १२ व्होल्टवर पावणेदोन ते दोन अँपिअर. २५ वॅटच्या पॅडला सुमारे तीन. त्यासाठी एक चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि पाच अँपिअरचा फ्यूज पुरतो. फ्यूज जिथून वीज घेतली त्या टोकाजवळच असावा, पॅडजवळ नव्हे, कारण मधली वायर घासून बॉडीला टेकली तर वाचवायचे तिलाच असते. वीज फ्यूज बॉक्समधील अशा जागेवरून फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागी बसून जोडीला दुसरी वायर काढून देणारा जोड) लावून घ्यावी जी चावी बंद करताच बंद होते. कायम चालू जागेवर जोडलेला पॅड रात्रंदिवस फोनची चाचपणी करत थोडा थोडा प्रवाह ओढत राहतो, आणि पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे उभ्या राहणाऱ्या गाडीची बॅटरी बसते.

आपल्या हवेत मात्र सर्वांत आधी दगा देतो तो अर्थिंगचा जोड. समुद्रावरचा खारा वारा आणि चार महिन्यांची दमट हवा उघड्या तांब्याला आणि पत्र्याला लवकरच हिरवट-तांबूस करते. वायरीच्या अंगात पाते घुसवून जोडणारे झटपट कनेक्टर कोरड्या प्रदेशात चालून जातात; किनाऱ्यालगतच्या गाडीत त्यांच्या आत गंज शिरतो, रोध वाढतो आणि जोड तापू लागतो. त्यापेक्षा वायरीच्या टोकाला लग, म्हणजे बोल्टसाठी भोक असलेले धातूचे टोक, दाबून बसवावा, वर उष्णतेने आक्रसणारी नळी चढवावी, बॉडीच्या बोल्टखालचा रंग खरवडून स्वच्छ पत्र्यावर लग घट्ट करावा आणि वरून ग्रीस लावावे. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची ऋण तार सोडावी. कन्सोलच्या आसपास पिवळ्या नळीतून गेलेल्या तारा किंवा पिवळे कनेक्टर दिसले, तर ते सामान्यतः एअरबॅगचे असतात. त्यांना हात लावू नये. जुन्या प्लास्टिकच्या क्लिपा उन्हाने ठिसूळ झालेल्या असतात, त्यामुळे कन्सोल स्क्रूड्रायव्हरने उचकटण्याऐवजी प्लास्टिकच्या पट्टीने हळूहळू सोडवावा. गाडी वॉरंटीत असेल किंवा कामाबद्दल जराही शंका असेल, तर हा भाग अनुभवी ऑटो इलेक्ट्रिशियनकडे सोपवलेला बरा.

ही सर्व चर्चा १२ व्होल्टच्या गाड्यांची झाली. डिचोली-साखळीच्या खाणपट्ट्यात चालणारे टिप्पर आणि इतर जड ट्रक २४ व्होल्टवर चालतात, आणि इंजिन चालू असताना तो दाब २८ व्होल्टच्या घरात जातो. १२ व्होल्टसाठी बनवलेला पॅड तिथे जोडताच जळतो. ‘९ ते ३२ व्होल्ट’ असे स्पष्ट लिहिलेला अॅडॉप्टर घ्यावा किंवा मध्ये २४ वरून १२ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर बसवावा. दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरून थेट १२ व्होल्ट काढून घेण्याची युक्ती अनेक ट्रकांत दिसते. तिच्यामुळे एक बॅटरी सतत कमी भरते, दुसरी जास्त भरते, आणि दोन्ही अकाली निकामी होतात. फोनच्या चार्जरपायी ट्रकच्या बॅटरीची जोडी गमावणे परवडणारे नाही.

खरेदी करताना ‘चुंबकी’ या शब्दावर विसंबू नये. चुंबक लावलेला पण क्यूआय-२ प्रमाणित नसलेला पॅड आयफोनला बहुधा ७.५ वॅटच देतो. प्रमाणित वस्तूंची यादी वायरलेस पॉवर कन्सोर्शियमच्या संकेतस्थळावर शोधता येते, आणि खोक्यावरील चिन्ह तिथे पडताळता येते. फोनच्या बाजूनेही पाहावे: आयफोन १२ पासून पुढच्या बहुतेक आयफोनमध्ये चुंबकाचे कडे आहे, आयफोन १६ई मध्ये नाही. अँड्रॉइडमध्ये २०२४ चा एचएमडी स्कायलाइन हा क्यूआय-२ चा पहिला फोन, २०२५ च्या पिक्सेल १० मालिकेतही चुंबक आतच आहेत, तर सॅमसंगच्या गॅलॅक्सी एस२५ ला त्यासाठी चुंबकी कव्हर चढवावे लागते. घरात कोणाला पेसमेकर किंवा तत्सम उपकरण बसवलेले असेल, तर चुंबकी चार्जर चालू असताना ते उपकरण त्याच्यापासून ३० सेंटिमीटरहून दूर राहील अशी जागा निवडावी आणि डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. चुंबकी पट्टीची जुनी कार्डे फोनच्या पाठीशी ठेवू नयेत.

काम झाल्यावर चाचणी पहिल्या पाच मिनिटांत घेऊ नये. तेव्हा फोन थंड असतो आणि प्रत्येक पॅड उत्तम वाटतो. दुपारी, एसी चालू ठेवून, नकाशा लावून अर्धा तास गाडी चालवावी आणि मग पुढच्या अर्ध्या तासात किती टक्के वाढले ते पाहावे. हेच एकदा केबल लावून करावे. दोन्हींतील फरक थोडा असेल तर बदल सार्थकी लागला. मोठा असेल तर आधी कव्हर काढून, मग फोन एसीच्या झोतात ठेवून, आणि शेवटी अॅडॉप्टर बदलून पुन्हा मोजावे, याच क्रमाने, कारण हाच क्रम स्वस्ताकडून महागाकडे जातो. काढलेले जुने मॉड्यूल, त्याच्या क्लिपा आणि कनेक्टरची टोपी एका पिशवीत जपून ठेवावी. पुढे गाडी विकायची झाली तर पुष्कळ गिऱ्हाइके कन्सोल मूळचाच आहे ना, हे विचारतात.